आधी ही वर्तुळं मोजा: पुरातत्त्व खातं आणि जिल्हा प्रशासनास खुलं पत्र

प्रति,
केंद्र व राज्य पुरातत्त्व खात्यांतील, तसेच महसूल आणि नगररचना विभागांतील सर्व संबंधित अधिकारी

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात शेजारच्या शिवारात एका नव्या शेततळ्याच्या पाळीवर मला एक ओळखीचा गोटा दिसला. काळा, माझ्या कमरेएवढा, एका अंगानं सपाट. सपाट अंगावर छोट्या वाटीएवढे खळगे, दोन ओळींत, सात आणि सात. त्यांतल्या तीन खळग्यांवरून जेसीबीच्या दातांचा ओरखडा गेला आहे, ताजा, पांढरट.

ओळखीचा म्हणते, कारण अठरा वर्षांपूर्वी चौथीच्या मुलांना घेऊन मी त्याच गोट्यापाशी बसले होते. खळगे मोजायचे होते आणि बोटानं मोजताना मुलं सारखी चुकत होती. मग एका मुलीनं शेजारच्या वावरातून ज्वारीचं कणीस आणलं, प्रत्येक खळग्यात एकेक दाणा टाकला आणि शेवटी दाणे गोळा करून मोजले. चौदा. तेव्हा तो गोटा प्राचीन गोट्यांच्या एका मोठ्या वर्तुळात, पूर्वेच्या अंगाला होता. त्या दिवशी पाळीवरून उतरून मी वर्तुळाच्या जागेवर गेले. तिथं आता जमीन सपाट आहे, चुन्याच्या रेघा मारल्या आहेत आणि कोपऱ्यांवर लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या ठोकल्या आहेत.

रात्री झोप लागली नाही. म्हणून हे पत्र. खुलं अशासाठी, की याआधी पाठवलेल्या तीन अर्जांना मला उत्तर मिळालेलं नाही, आणि ही गोष्ट माझ्या एकटीची नाही.

जे वाचक विदर्भाबाहेरचे आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. नागपूर जिल्ह्यात आणि आजूबाजूला मोठमोठे गोटे गोल मांडून केलेली शिळावर्तुळं आहेत. मधल्या जागेत दगडगोटे, मुरूम आणि माती भरलेली असते. ही लोहयुगातल्या माणसांची दफनं आहेत, इसवी सनापूर्वी सुमारे १००० ते ३०० या काळातली. म्हणजे अजिंठ्याचं पहिलं लेणं खोदलं जाण्याच्याही आधीची. माझी आजी त्यांना गवळ्यांचे वाडे म्हणायची. "गवळ्यायचे वाडे व्हय ते, गोटे नको हालवू," एवढं एकच वाक्य. आमच्या आजोबांनी जन्मभर त्या गोट्यांना वळसा घालून वखर हाकला. कायदा त्यांना ठाऊक नव्हता. आजीचं वाक्य होतं, तेवढ्यावर ते गोटे राहिले.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण जुनापाणी, नागपूरहून काटोलकडे जाताना. तिथं सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. १८६७ मध्ये जे. एच. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्यांतली काही खणली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६१-६२ मध्ये, पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी तीन वर्तुळांचं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. पुढं शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा आणि १९७०-७२ मध्ये माहुरझरी खणलं. माहुरझरीला माणसाच्या दफनात घोडाही सापडला, तोंडात लोखंडी लगामासकट, आणि घोड्याच्या डोक्यावर चढवायचा तांब्याच्या पत्र्याचा साज. लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, काळी-तांबडी भांडी, सोन्याचे दागिने, तांब्याच्या भांड्याचं पक्षी बसवलेलं झाकण. आणि मणी. माहुरझरी हे मणी घडवण्याचं फार मोठं केंद्र होतं, अकीक, गोमेद, जास्पर अशा दगडांचे.

ही माणसं नुसती मरून इथं आली नव्हती, राहतही इथंच होती. टाकळघाटला वस्तीचे अवशेष मिळाले आणि खाप्याला दफनं. पेंच नदीकाठी नैकुंडला देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी लोखंड गाळण्याची भट्टीच शोधून काढली, बाकदार विटांची, भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्यांसकट. सुमारे पावणेतीन हजार वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यात दगडातून लोखंड काढलं जात होतं. मी सत्तावीस वर्षं शिकवलं. चौथीच्या मुलांना हे सांगितलं की वर्गात जी शांतता पसरायची, ती मी कधी विसरणार नाही. त्यांना वाटायचं, इतिहास म्हणजे पुणं-सातारा-रायगड. आपल्या वावरात इतिहास आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी: ही वर्तुळं एकंदर किती आहेत, कोणत्या गटनंबरात आहेत, त्यांतली किती शिल्लक आहेत, याचा गावातल्या माणसाला बघता येईल असा कोणताही कागद तलाठ्याकडे नाही. जुनापाणीसारखी काही ठिकाणं केंद्राच्या संरक्षित यादीत आहेत, हे मला माहीत आहे. पण जी यादीत नाहीत, जी खासगी वावरांत, गावठाणाच्या कडेला, झुडपी जंगलात विखुरली आहेत, त्यांचं काय? सातबाऱ्यावर आंब्याचं झाड लागतं, विहीर लागते, बोअर लागतो. तीन हजार वर्षांचं स्मारक लागत नाही. जमीन विकणाऱ्याला सांगावं लागत नाही, घेणाऱ्याला कळत नाही, मोजणीला येणारा माणूस त्या गोट्यांवर पाय ठेवून साखळी ओढतो. जेसीबीवाल्या पोराला मी दोष देत नाही. त्याला मुरूम काढायला सांगितलं होतं, त्यानं काढला. गोटे आडवे आले, त्यानं पाळीवर ढकलले.

यादीत नाव आलं म्हणजे सगळं झालं असंही नाही. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात केंद्राची ९२ संरक्षित स्मारकं जागेवर सापडत नसल्याचं लिहिलं होतं. नाव, गाव, अधिसूचना असलेली स्मारकं जिथं हरवतात, तिथं ज्यांची कुठं ओळसुद्धा लिहिलेली नाही त्यांनी कुणाच्या भरवशावर राहायचं?

दुसरी तक्रार शेतकऱ्यांच्या वतीनं आहे, आणि ती आपण नीट ऐकून घ्यावी ही माझी विनंती आहे. माझ्या चुलत दिरांच्या वावरात दोन वर्तुळं होती. मी त्यांना म्हटलं, खात्याला कळवू या. ते म्हणाले, "वहिनी, खबर दिली तर विहीर गेली." कायदा त्यांनी अर्धवट ऐकला होता, पण भीती खरी होती. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पाच एकरांचा माणूस हा आकडा ऐकतो आणि त्याच्या डोळ्यांपुढं येते ती पोराच्या लग्नाआधी बांधायची खोली. दोन वर्षांनी मी गेले तेव्हा तिथं एकही गोटा नव्हता. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आम्ही दोघंही पऱ्हाटीकडे बघत उभे राहिलो.

तो माणूस वाईट नाही. आजही पोळ्याला बैलांच्या पाया पडताना त्याचे डोळे भरतात. पण आजच्या व्यवस्थेत जो प्रामाणिकपणे कळवतो त्याची जमीन अडकते आणि जो रातोरात गोटे उचलतो तो मोकळा राहतो. कायद्यात मालकाशी करार करण्याची सोय आहे, नुकसानभरपाईची सोय आहे. ती आमच्या गावात येऊन कुणी समजावून सांगितल्याचं मला आठवत नाही. वर्तुळाचा व्यास असतो दहा-बारा मीटरचा, कधी थोडा जास्त. एवढ्या जागेतल्या पिकाचं नुकसान दर हंगामाला भरून दिलं, तर किती पैसे लागतील? आमच्या गावातला कोणताही शेतकरी बोटांवर हिशेब करून सांगेल.

तिसरी तक्रार सांगताना मला अजूनही त्रास होतो.

अकरा वर्षांपूर्वी, मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर, माझ्या वर्गातला एक मुलगा मुठीत काहीतरी घट्ट धरून शाळेत आला. मूठ उघडली तर आत लाल अकीकाचा मणी. ज्वारीच्या दाण्याच्या दुप्पट असेल. नांगरटीच्या ढेकळावर पावसानं धुऊन वर आणला होता. आम्ही तो उजेडाकडे धरला. आतून मधासारखा रंग दिसला आणि मधोमध भोक, इतकं सरळ आणि इतकं बारीक, की मुलांच्या आयांनी आणलेल्या तिन्ही सुयांतली एकच त्यातून गेली. मुलानं विचारलं, "मॅडम, हे भोक कायनं पाडलं असन?" मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, आपण ज्यांना कळतं त्यांना विचारू.

जमिनीत सापडलेली मौल्यवान वस्तू सरकारला कळवायची असते, हे मी मुलांना शिकवलं होतं. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि त्यात किमतीची मर्यादा दहा रुपयांची आहे. म्हणून मी तो मणी कापसात गुंडाळून, मुलाचं नाव, गटनंबर, तारीख लिहून एका सरकारी कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या कर्मचाऱ्यानं तो पाकिटात टाकला. पोच मागितली, तर "पाठवून देऊ" म्हणाले. पोच आली नाही. मी दोनदा गेले. दुसऱ्या वेळी ते कर्मचारी बदलून गेले होते आणि पाकिटाबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं.

तो मुलगा आता संत्र्यांची गाडी चालवतो. भेटला की थांबतो, पाया पडतो आणि विचारतो, "मॅडम, माया मणी भेटला का?" अकरा वर्षं झाली. मी त्याला सरकारवर विश्वास ठेवायला शिकवलं होतं. मला त्या एका पाकिटाचा हिशेब हवा आहे, आणि तो नाही मिळाला तरी यापुढं कोणत्याही मुलाच्या हातातली वस्तू पोच दिल्याशिवाय घेतली जाऊ नये.

चौथी गोष्ट संग्रहालयाची. आमच्या जमिनीतून निघालेल्या वस्तू पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहेत, नागपूर विद्यापीठात आहेत, जुनापाणीच्या लोखंडी वस्तू तर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही गेल्या आहेत. ज्या विद्वानांनी उन्हातान्हात तंबूत राहून हे खणलं, नोंदलं, छापलं, त्यांचे उपकार आहेत. त्यांनी नेलं नसतं तर त्या वस्तू भंगारात गेल्या असत्या, हेही मी मानते. नागपुरात १८६३ पासूनचा अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय आहे. पण ज्या गावांच्या शिवारात हे सापडलं, त्या गावांना बघायला काय उरलं? आमच्या पंचक्रोशीत त्यासाठी एक खोलीही नाही. भांड्याचा एखादा फोटो नाही, नकाशा नाही, साधा मराठीत लिहिलेला फलक नाही. आईनं सांभाळलेले दागिने लेकीला दिसूच नयेत, तर तिला ते आपले कसे वाटावेत?

हे जमणारं काम आहे. इटलीच्या सार्डिनिया बेटावर नुरागे म्हणतात ते प्रागैतिहासिक दगडी बुरूज आहेत, सुमारे सात हजार. चुन्याशिवाय, दगडावर दगड रचून केलेले. त्यांतला बारूमिनी गावचा बुरूज आपल्यासारख्याच काळ्या दगडाचा आहे, बेसाल्टचा. कित्येक शतकं तो मातीखाली होता, लोकांना ती टेकडीच वाटायची. त्याच गावात जन्मलेल्या जोव्हान्नी लिल्यू या पुरातत्त्वज्ञानं १९५० च्या दशकात ती टेकडी खणली आणि खालून बुरूज निघाला, भोवती गोल घरांचं अख्खं गाव निघालं. १९९७ मध्ये ते जागतिक वारसा झालं. त्याआधी, १९९० मध्ये, गावातल्या जुन्या जमीनदाराच्या वाड्याची दुरुस्ती करताना वाड्याखाली आणखी एक नुरागे सापडला. त्यांनी वाडा पाडला नाही आणि नुरागेही बुजवला नाही. वाड्यातच संग्रहालय केलं, आणि खालचा बुरूज दिसावा म्हणून वरून चालायला मार्गिका बांधल्या. छोटंसं खेडं आहे ते. गावचा मुलगा खणतो, सापडलेलं गावात राहतं, आणि गावातली मुलं ते परक्यांना दाखवतात.

इटली श्रीमंत आहे, असं कुणी म्हणेल. तर सेनेगल आणि गांबिया बघा. तिथली शिळावर्तुळं २००६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, आणि गांबियातल्या वासू गावी वर्तुळांपाशीच छोटं संग्रहालय आहे. आपल्या शेजारी बघा. कर्नाटकातल्या हिरेबेणकलच्या महापाषाणीय, म्हणजे मोठमोठ्या शिळांच्या, स्थळाचं नाव २०२१ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं, तेलंगणातल्या मुडुमलच्या उभ्या शिळांचं २०२५ मध्ये. आपल्याच राज्यात कोकणातल्या कातळशिल्पांचं २०२२ मध्ये. ती कातळशिल्पं सड्यावर गावोगाव हिंडून, उन्हात पाय भाजून शोधली ती तिथल्याच काही ध्यास घेतलेल्या माणसांनी, आणि मग सरकार मागे उभं राहिलं. त्याचा मला अभिमान आहे. शिवरायांचे किल्ले जागतिक वारसा झाले त्या दिवशी मी दारात रांगोळी काढली. आता विदर्भाच्या गोट्यांकडेही कुणी बघावं, एवढंच मागते.

माझ्या मागण्या अशा.

येत्या उन्हाळ्यात, कापसाची शेवटची वेचणी झाली की वावरं मोकळी होतात, तेव्हा गावनिहाय मोजणी सुरू करा. प्रत्येक वर्तुळाला क्रमांक द्या, स्थान नोंदवा, फोटो काढा, खळगे असलेल्या गोट्यांची वेगळी नोंद करा. तलाठी, कोतवाल, शाळेचे शिक्षक, विद्यापीठाचे विद्यार्थी आणि गावातले म्हातारे यांना सोबत घ्या. म्हाताऱ्यांना विसरू नका, कारण पुसल्या गेलेल्या वर्तुळांच्या जागा आता फक्त त्यांनाच ठाऊक आहेत.

मोजणी झालेल्या प्रत्येक वर्तुळाची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांत घ्या आणि ती नागपूर परिसराच्या विकास आराखड्यात दाखवा. अकृषिक परवानगी किंवा मुरमाच्या उत्खननाचा परवाना देण्याआधी त्या गटनंबरात वर्तुळ आहे का, हे तपासणं बंधनकारक करा. शहर आमच्याकडे सरकत आहे. दर वर्षी लेआउट पडताहेत. हे काम पाच वर्षांनी केलं तर मोजायला काही उरणार नाही.

ज्याच्या वावरात वर्तुळ आहे त्या शेतकऱ्याशी लेखी करार करा आणि त्याला दर वर्षी मोबदला द्या. जी वर्तुळं यादीत नाहीत त्यांच्यासाठी नियम करताना आधी गावात या, सभा घ्या, विहिरीचं आणि घराचं काय होणार ते मराठीत, साध्या शब्दांत सांगा.

आमच्याकडे पटसंख्येअभावी रिकाम्या पडलेल्या शाळाखोल्या आहेत. त्यांतली एक द्या. त्यात प्रतिकृती ठेवा, नैकुंडच्या भट्टीची मातीची प्रतिकृती आमचा कुंभार करून देईल. सुरक्षेची सोय झाली की काही मोजक्या मूळ वस्तू फिरत्या प्रदर्शनासाठी आणा. गावातल्या दोन मुलामुलींना प्रशिक्षण देऊन राखणदार आणि वाटाडे म्हणून नेमा.

सापडलेली वस्तू आणून देणाऱ्याला तिथल्या तिथं पोच द्या, आणि ती वस्तू पुढं कुठं गेली हे त्याला कळवा.

या पत्राचं लेखी उत्तर एका महिन्यात मिळावं. आजवरच्या तिन्ही अर्जांच्या प्रती आणि मी सत्तावीस वर्षांत वहीत उतरवलेली छत्तीस वर्तुळांची यादी माझ्याकडे आहे. आपण अधिकारी पाठवाल त्या दिवशी मी ती वही घेऊन सोबत चालेन. गुडघे दुखतात, पण धुऱ्यावरून चालता येतं.

चौदा खळग्यांचा तो गोटा अजून शेततळ्याच्या पाळीवर आहे. पाळीचा मुरूम सैल आहे, पाऊस लागला की ढासळेल आणि गोटा गाळात जाईल. त्याच्या मूळ जागेवर खुंट्या असल्या तरी बांधकाम सुरू झालेलं नाही. पावसाळ्याआधी तो परत नेऊन ठेवायला आपल्या सहीचं एक पत्र आणि अर्ध्या दिवसाचा जेसीबी लागेल. कुठल्या दिशेला, कोणतं अंग वर ठेवून बसवायचा, ते मी दाखवते.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतील एक निवृत्त शिक्षिका
नागपूर जिल्हा